प्रोजेक्टला धर्म वाटून दिले, आता मुख्याध्यापक म्हणतात किल्लेच बरे होते

पत्र थोडक्यात असं: बाई खाडीकाठच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववीला इतिहास शिकवतात. गाव गुहागर-दापोली पट्ट्यातलं, वर्गात खारवी, कुणबी, भंडारी, बौद्ध, मुसलमान, ब्राह्मण, सगळ्या वाड्यांतली मुलं. दरवर्षी प्रोजेक्ट म्हणजे किल्ले, तोच रायगड, तोच प्रतापगड, त्याच प्रिंटआउट. यंदा त्यांनी ठरवलं की इतिहास आणि धर्म मिळून वेगवेगळे विषय द्यायचे, म्हणून सात धर्मांच्या सात चिठ्ठ्या केल्या, कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून शक्यतो ज्याला त्याला आपापलाच धर्म दिला आणि ज्यू, पारशी, जैन, ख्रिश्चन हे उरलेल्या मुलांत वाटले. एक मुस्लिम मुलगा दोनदा येऊन "मॅडम, मला किल्लाच द्या ना" म्हणाला. बाकीच्यांनी मोबाइलवरून चार-चार पानं उतरवून आणली. एका पालकांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आता शाळेत धर्म शिकवणार का?" असा मेसेज टाकला, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला नसती उठाठेव, किल्ले बरे होते." बाई विचारतात, धर्माचा विषय सोडून देऊ का? आणि नाही सोडला तर विषय निवडू कसे, पालकांना सांगू काय?

मॅडम, नमस्कार.

नववीच्या प्रोजेक्टचा इतका विचार करणारं कोणीतरी आहे हे वाचूनच बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे मुलाने सांगायचं, आईने रात्री बसून चिकटवायचं आणि वर्ष संपलं की शाळेच्या माळ्यावर उंदरांनी खायचं. पण तुम्ही सल्ला विचारलाय, नुसतं कौतुक नाही, तर जे मला पटलं नाही तिथूनच सुरुवात करते.

ज्याला त्याला आपापला धर्म, हे तुम्ही काळजीपोटी केलंत ते कळतंय. पण जरा त्या मुलाच्या बाकावर बसून बघा. चौदा वर्षांचा पोरगा, कालपर्यंत वर्गात त्याची ओळख काय, तर डाव्या हाताने बॉलिंग टाकतो आणि गणितात कच्चा आहे. चिठ्ठी हातात पडली आणि तो एकदम 'इस्लाम' झाला. आता सगळ्यांसमोर उभं राहून त्याने अख्ख्या धर्माच्या वतीने बोलायचं, कोणी वाकडं विचारलं तर उत्तरही त्यानेच द्यायचं, आणि घरी विचारायला गेला तर घरचे आणखी घाबरणार की काही चुकीचं लिहिलंस तर कोण निस्तरणार. बौद्धवाडीतल्या मुलीचं तेच. आणि जी मुलं संख्येने जास्त आहेत त्यांचंही काही भलं झालेलं नाही. कुणबीवाडीतल्या मुलाला 'हिंदू' अशी चिठ्ठी आली तर तो काय लिहिणार? चार वेद, चार आश्रम, सोळा संस्कार, सगळं नेटवरचं. त्याच्या घरात चालतं ते वेगळंच, ग्रामदेवतेला लावलेला कौल, शिमग्याची पालखी, राखणदाराचा नारळ, गुरवाने घातलेलं गाऱ्हाणं. पण हे 'धर्म' या चिठ्ठीत बसतं असं त्याला वाटणारच नाही, कारण ते पुस्तकात नाही. म्हणून प्रिंटआउट आली. त्यात मोबाइलचा काही दोष नाही हो, प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर मोबाइलमध्येच सापडावं.

त्या मुलाला किल्ला द्या, काही कारण न विचारता. आणि एक जपा, त्याला "मग तू महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानावर कर" असं सुचवायचा मोह होईल, होतोच सगळ्यांना, दौलतखान होता हे खरंच आहे, पण म्हणजे परत त्याला मागच्या दाराने तीच चिठ्ठी दिल्यासारखं. त्याला अंजनवेलचा गोपाळगड द्या, वाशिष्ठीच्या तोंडावर तो नेमका तिथेच का बांधला, समोरच्या दाभोळ बंदरात शिरणारं गलबत तटावरून कुठपर्यंत दिसतं, पाणी कुठून आणायचे, हे बघून येऊ दे. सिंधुदुर्गात चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, या एका गोष्टीवर पोरगा महिनाभर रमेल. दौलतखान त्याचा त्याला भेटला तर भेटला.

आता दुसरं. किल्ले म्हणजे सेफ आणि धर्म म्हणजे नाजूक, हे मुख्याध्यापक म्हणतात आणि मला वाटतं मनातून तुम्हालाही थोडं पटलंय. पण किल्ल्यात धर्म नाही असं थोडंच आहे. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, कोर्लईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचं पडकं चर्च आहे, जंजिऱ्यात मशीद आहे, आपल्या किनाऱ्यावरचा एकही दगड असा नाही की ज्याच्याजवळ कोणी ना कोणी हात जोडले नाहीत. नाजूक होतं ते विषयामुळे कमी आणि प्रश्नामुळे जास्त. "इस्लाम धर्माची माहिती लिहा" हा प्रश्न नाजूकही आहे आणि कंटाळवाणाही. "आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचं नवीन छप्पर कोणत्या साली झालं आणि त्याचे पैसे कुठून आले" हा प्रश्न विचारायला पोरं सायकलवर टांग मारून जातील आणि मौलवीसाहेब चहा पाजतील.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे म्हणा ना. मुलांना धर्म देऊ नका, चालत जाता येईल अशी एक जागा द्या आणि तिला विचारायचा एक प्रश्न द्या. कोणी बांधलं, पैसा कुठला, दिवा कोण लावतं, आधी काय होतं, कधी बदललं. धर्म त्यात आपोआप येतो, आणि तो घेऊन येणारा मुलगा कोणाचा प्रतिनिधी वगैरे नसतो, तो फक्त विचारायला गेलेला असतो.

वानगीदाखल दोन विषय जरा नीट सांगते, बाकीचे तुम्हीच काढाल.

पहिला, देणगीदारांच्या पाट्या. आपल्या गावातल्या कुठल्याही देवळात जा, वर बघा. पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', खाली फरशीत नाव, पायरीवर नाव, घंटेवर नाव, पाण्याच्या टाकीवर मुंबई मंडळाचं नाव. विहारात तसंच, मशिदीच्या हौदाजवळ तसंच, चर्च असेल तर तिथल्या बाकांवर तसंच. चार-चार मुलांचा गट करा, मिसळून करा, आणि प्रत्येक गटाला दोन जागा द्या, एक सगळ्यांच्या ओळखीची आणि एक जिथे त्यातलं कोणीच फारसं जात नाही. सगळ्या पाट्या वहीत उतरवायच्या, साल, नाव, गाव, काय दिलं. मग घरी येऊन त्या सालांची रांग लावायची. दोन गोष्टी दिसतील बघा. एक म्हणजे गिरण्यांच्या काळातला मुंबईचा पैसा, लालबाग-परळच्या चाळीत दहा जण एका खोलीत राहून गावच्या देवाला पाठवलेला, आणि १९८२ च्या संपानंतर त्या पैशाचं काय झालं हेही कदाचित पाट्यांवरून कळेल. दुसरं म्हणजे जहाजावरचा आणि आखाताचा पैसा, कुवेत, कतार, दुबई. कोकणी मुसलमानांतली काही घरं तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केपटाऊनला गेलेली आहेत, तुमच्या मोहल्ल्यात त्यातलं कोणी निघालं तर मजाच. आणि बौद्धवाडीत विचारायचं, विहार बांधायच्या आधी सभा कुठे भरायची? १९५६ ला धर्मांतर झालं, त्यानंतर गावकीची कामं सोडली गेली, शिमग्यातले जुने मान सोडले गेले, गावागावात ते कसकसं झालं याच्या आठवणी सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षीवर टाकू नका.

आणि हे सगळं झाल्यावर मुलांना कुडा लेण्यांबद्दल सांगा. तळा तालुक्यात मांदाडच्या खाडीजवळ, बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली, सव्वीस लेणी, आणि त्यातल्या ब्राह्मी लेखांमध्ये काय आहे माहितीये? देणगीदार! हे लेणं अमक्याने दिलं, हे पाण्याचं टाकं तमक्याने दिलं. महाभोज म्हणजे तिथल्या राजघराण्यातली माणसं आहेत, पण त्यांच्याबरोबर व्यापारी आहे, माळी आहे, वैद्याच्या घरातलं कोणी आहे, भिक्षुणी आहेत. म्हणजे पंख्यावर नाव घालायची आपली हौस किती जुनी आहे बघा. हे वर्गात आधी सांगू नका मात्र, पाट्या उतरवून झाल्यावरच सांगा, नाहीतर सगळे नेटवरून कुडा लेणीच उतरवून आणतील.

दुसरा विषय माझा लाडका आहे, त्यामुळे थोडं जास्त बोलेन. वादळात सापडलेली तारवं. तुम्ही धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलात की ती अंडा मशीद. तिची गोष्ट सांगतात ती अशी, विजापूरची राजकन्या मक्केला निघाली होती, दाभोळपर्यंत आली, पण समुद्र साथ देईना, पुढे जाता येईना, मग यात्रेसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीत घातला. आता खाली देवगडला कुणकेश्वरला जा. तिथे काय सांगतात? एक अरब व्यापारी वादळात सापडला, किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस केला, वाचला आणि त्याने महादेवाचं देऊळ बांधलं. वर अलिबागजवळ नवगावला जा, तिथे बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांचं स्मारक आहे, त्यांच्या परंपरेत त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि मग ते इथे तेलाच्या घाण्याचा धंदा करायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची आडनावं बघा, रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, नुसत्या आडनावांवरून तालुक्यांचा नकाशा काढता येईल, आणि हासुद्धा एक प्रोजेक्टच आहे. अजून वर गुजरातेत संजाणला पारशांची गोष्ट तीच, समुद्रात तुफान, वाचलो तर पवित्र अग्नी स्थापन करू असा नवस, ही त्यांनी १५९९ च्या सुमारास फारसी काव्यात लिहूनही ठेवलीये. आणि चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा आहेच की, समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं आणि परशुराम.

मुलांना एक तक्ता करायला सांगा. तारवात कोण होतं, कुठून निघालं होतं, कोण वाचलं, किती जण वाचले, नंतर काय बांधलं, ही गोष्ट आज कोण सांगतं आणि सगळ्यात आधी लिहिलेली कुठे सापडते. 'किती जण' या रकान्यात त्यांना एक गंमत दिसेल, ती मी सांगितलीच नाही असं समजा, त्यांची त्यांना मोजू द्या. यातली कुठली गोष्ट खरी आणि कुठली खोटी याचा निकाल नववीच्या वर्गाने लावायचा नाहीये, तो मोठमोठ्या लोकांनाही लागलेला नाही. पण एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी "आम्ही इथे कसे आलो" हे सांगताना वादळच का घेतलं, हा प्रश्न विचारता येतो. आणि इथे भूगोलाच्या सरांना पकडा. पावसाळ्यात बंदर बंद, पाऊस ओसरताना अरबस्तानाकडून तारवं यायची, आणि परत जायचं तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबायचं, म्हणजे माणूस महिनोन्‌महिने बंदरात अडकून, मग तो इथे घर करणार, लग्न करणार, नमाजाला जागा बांधणारच. दहाव्या शतकात मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला येऊन गेला, त्याने तिथे स्थायिक झालेल्या मुसलमानांबद्दल लिहून ठेवलंय. शिवाजी महाराजांच्या सातशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही. हे सगळं वाऱ्यामुळे. खारव्याच्या मुलाला हे वाऱ्याचं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याला तक्त्यातला तो भाग द्या, वर्गात पहिल्यांदा तो शिकवेल आणि बाकीचे ऐकतील.

बाकीचे भरभर सांगते. पन्हाळेकाजी, दापोली तालुक्यात, एकोणतीस लेणी, सुरुवात बौद्ध, पुढे वज्रयान म्हणजे बौद्धांचाच तंत्रमार्गी पंथ, मग शिवाचे आणि गणपतीचे उपासक, मग नाथपंथी, म्हणजे एकाच कातळाचे मालक कसे बदलत गेले ते लेण्यागणिक दिसतं, एक दिवसाची सहल काढण्यासारखी जागा. कोर्लई, जिथून पोर्तुगीज १७४० ला गेले, पण गावातले ख्रिश्चन लोक आजही घरात पोर्तुगीज-मराठी मिसळलेली आपली बोली बोलतात. रत्नागिरीचा थिबा राजा, ब्रह्मदेशचा बौद्ध राजा, इंग्रजांनी १८८६ ला आणून ठेवला आणि १९१६ ला इथेच वारला, राजवाड्याचे फोटो सगळे काढतात पण तीस वर्षं परक्या गावात त्याने आपला धर्म कसा पाळला असेल हे कोणी विचारत नाही. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७, पाण्याचा प्रश्न आणि धर्माचा प्रश्न एकच कसा झाला. रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली, ती काढणाऱ्यांचा धर्म कोणता होता हे आपल्याला सांगता येत नाही आणि हे मुलांना कळणंसुद्धा चांगलंच आहे. एक धोक्याची सूचना, शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळी बऱ्याच गावात असतात, दान मोडणाऱ्याला दगडात कोरलेली शिवी, विषय भन्नाट आहे पण दगड आधी स्वतः बघून या, खालचं शिल्प बघून नववीचा वर्ग तुम्हाला आवरायचा नाही.

लिखित साधन हवं असेल तर जुनी गॅझेटिअर आहेत, रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं आणि कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं, नेटवर मिळतात, इंग्रजी जड आहे म्हणून एकेक परिच्छेद तुम्ही मराठीत सांगा, आणि हे साहेबाने साहेबासाठी लिहिलंय हेही सांगा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर हा खजिना असतो, पण ते मुलांच्या हातात देऊ नका, त्यात जाती लिहिलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या आज्याची काय नोंद होती ते गावभर होईल. तुम्ही बघून फक्त आकडे द्या, कुठल्या साली किती मुली, कुठल्या वाडीची किती मुलं.

आता जपून राहायच्या जागा. देवस्थानाचा मानपानाचा वाद चालू असेल, पालखी आधी कोणाच्या दारात यावरून तहसीलदारापर्यंत गेलेलं असेल, तर यंदा त्या देवळाच्या वाटेला जाऊ नका, पोरं विचारतील एक आणि सांगणारे त्यांच्या तोंडून वदवून घेतील दुसरंच. "इथे पूर्वी काय होतं" हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर कोणीतरी ठासून सांगणार की अमुक पाडून तमुक बांधलं. मुलांना दरडावू नका, पण नियम ठेवा. वहीत लिहायचं ते असं, "अमुक काकांनी असं सांगितलं, त्यांनी ते कोणाकडून ऐकलं ते असं, लेखी पुरावा मिळाला किंवा मिळाला नाही." हा नियम सगळ्या जागांना सारखा, देवळाला, मशिदीला, विहाराला. काही ठिकाणी मुलींना आत जाऊ देत नाहीत, काही ठिकाणी दुसऱ्या धर्माच्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत नेत नाहीत, आणि गटातली एकच मुलगी बाहेर चपला सांभाळत उभी राहिली तर तिच्या लक्षात प्रोजेक्ट नाही राहणार, ते उभं राहणं राहील. म्हणून काम असंच द्या की जे सगळ्यांना बाहेरून करता येईल, पाट्या, दीपमाळ, विहीर, कबरीचा चौथरा, पार, आणि माणसांशी बोलणं तर ओटीवर, खळ्यातच होतं. कोणाच्या घरी गेलं की "तुमच्यात असं का करतात" हा प्रश्न बंद. "तुमच्या लहानपणी हे कसं असायचं" असं विचारायचं, म्हाताऱ्या माणसांची कळी खुलते एकदम.

पालकांचं म्हणाल, तर मला ते पालक शत्रू वाटले नाहीत. प्रश्न उद्धटपणे विचारला असेल, पण प्रश्न रास्त आहे. घटनेच्या २८ व्या कलमात लिहिलंय की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा पूजेत भाग घ्यायला लावता येत नाही. तुमची शाळा या दुसऱ्यात मोडते. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांबद्दल शिकवणं वेगळं, हा फरक शिक्षणावरच्या कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात तो मान्य केला. तुम्ही धर्मांबद्दल शिकवताय. फक्त तसं दिसायलाही हवं, आणि धर्मांच्या चिठ्ठ्या वाटल्यावर ते तसं दिसत नव्हतं, हे त्या पालकांच्या बाजूने मला म्हणावंसं वाटतं. मुख्याध्यापकांना कलमं ऐकवू नका, त्यांना एक पान द्या ज्यावर प्रत्येक गटाची जागा आणि प्रश्न लिहिलेला असेल, आणि नववीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' आहे, लिखित, भौतिक, मौखिक, दृक्-श्राव्य, त्याचंच हे प्रात्यक्षिक आहे एवढं सांगा. वर कोणी विचारलं तर दाखवायला कागद हातात असला की मुख्याध्यापक निम्मे शांत होतात.

मार्कांचंही थोडं बदला. सजावटीला मार्क नको, चकचकीत फाइलला नको. हाताने काढलेला नकाशा, तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलेला एकच प्रश्न आणि त्यांची तीन उत्तरं जशीच्या तशी, आणि शेवटी "आम्हाला काय कळलं नाही" याची अर्धी पान यादी, याला मार्क द्या. गुरवकाकांच्या घंटेवर कोणतं साल आहे हे चॅटजीपीटीला माहीत नाही, त्यामुळे कॉपीची चिंता बरीचशी मिटेल. मोबाइल बंद करू नका, आवाज रेकॉर्ड करायला तोच लागणारे, फक्त आधी विचारून करायचं. आणि मुलाखतींचं काम गणपतीच्या सुट्टीत लावा, चाकरमानी गावात असतात, मुंबई मंडळाचे जुने अध्यक्ष-खजिनदार आयतेच ओटीवर सापडतात, मोहल्ल्यातही सुट्टीवर आलेली मंडळी असतात. लिहायचं ते दिवाळीनंतर शाळेत बसून, घरी नाही, म्हणजे आयांची सुटका.

ग्रुपवर टाकायला मेसेज हवा असेल तर असा काहीसा टाका, "नमस्कार. इतिहासाच्या प्रोजेक्टचे आधी दिलेले विषय बदलले आहेत. आता प्रत्येक गट गावातल्या दोन जुन्या जागांची माहिती गोळा करेल, कधी बांधली, कोणी बांधली, खर्च कसा झाला. कोणालाही पूजा-प्रार्थनेत भाग घ्यायचा नाही. एखादी जागा आपल्या पाल्यासाठी नको असेल तर मला सांगा, बदलून देईन. जुने फोटो, पावत्या, वर्गणीच्या वह्या कोणाकडे असतील तर मुलांना बघायला द्याव्यात." पण तो टाकायच्या आधी त्या मेसेजवाल्या पालकांना फोन करा. समजावायला नको, विचारायला करा. ग्रुपवर असं पटकन लिहिणारा माणूस बऱ्याचदा गावच्या कुठल्यातरी कमिटीत असतो, त्याच्याकडे वर्गणीच्या जुन्या वह्या असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्या मुलांना दाखवाल का असं तुम्ही विचारलंत तर तो नाही म्हणेल असं मला तरी वाटत नाही. म्हणालाच तर दुसऱ्या वाडीतल्या खजिनदाराकडे जा.